महागडी टॉर्च आणि उसाची रात्रपाळी : जुन्नर तालुक्यातील एका खरेदीचा प्रकरण अभ्यास

जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या खोऱ्यात माझ्या मामांचा मळा आहे. साडेचार एकरांपैकी तीन एकरांत ऊस असतो आणि उरलेल्या जमिनीत हंगामाप्रमाणे कांदा किंवा टोमॅटो होतो. शेतीच्या थ्री फेज विजेची पाळी काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. त्यामुळे महिन्यातल्या दहा-बारा रात्री माझे मामेभाऊ, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, जेवण उरकून मोटर सुरू करायला विहिरीवर जातात आणि पहाटेपर्यंत उसाची दारे धरतात, म्हणजे पाटाचे पाणी एकेका सरीत वळवतात. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत त्यांनी मला मोबाइलवर एका परदेशी कंपनीच्या टॉर्चचे चित्र दाखवले. किंमत १०,९९० रुपये होती. "एवढी महाग घेतली तर तिनं काय काय करायला पाहिजे, ते तू सांग," असे ते म्हणाले. मामा शेजारीच बसले होते. एवढ्या पैशांत दुभती शेळी आली असती, एवढेच ते बोलले, आणि त्यांचे म्हणणे मला तेव्हाही रास्त वाटले होते.

दादांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही खरेदीआधी जी तुलना केली, तिच्यावरून जो निर्णय घेतला आणि नंतरच्या चौदा महिन्यांत जे अनुभव आले, त्यांची ही नोंद आहे. मी पुण्यात विद्युत उपकरणांच्या देखभालीचे काम करतो आणि टॉर्चच्या विक्रीशी माझा काही संबंध नाही. घेतलेल्या टॉर्चमध्ये पुढे एक बिघाड झाला. तिच्या कंपनीचे नाव मी देत नाही, कारण एका नगावरून कंपनीविषयी मत बनवणे योग्य नाही. शब्दांबाबतही एक खुलासा करतो. गावाकडे टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणतात आणि तिच्या आत घालतात त्याला 'सेल'. घोटाळा नको म्हणून येथे सर्वत्र टॉर्च आणि सेल हेच शब्द वापरले आहेत.

उजेड कशासाठी हवा होता

घर ते विहीर हे अंतर चारशे मीटरच्या आसपास आहे. त्यातली निम्मी वाट बांधावरून जाते आणि एका बाजूला पूर्ण वाढलेल्या उसाचा फड असतो. जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यातील उसात बिबट्यांचा वावर ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र याच तालुक्यात आहे. तरीही दादांच्या रोजच्या काळजीत बिबट्यापेक्षा साप पुढे असतो. उसाच्या पाचटात घोणस बसते, बांधाच्या फटीत नाग असतो, आणि मण्यार तर रात्रीच बाहेर पडते. मण्यारीचा दंश इतका कमी दुखतो की तो झाल्याचे अनेकदा कळतही नाही. याशिवाय स्टार्टरच्या पेटीजवळ ओल्या हातांनी उभे राहून फ्यूज पाहणे, कोणत्या सरीचे पाणी कोठे फुटले ते शोधणे, चिखलात रुतलेले खोरे काढणे अशी कामे असतात.

म्हणजे उजेडाची गरज एक नसून निदान तीन होत्या : पायापुढचे दोन-तीन मीटर नीट दिसणे, हात मोकळे ठेवून काम करता येणे, आणि काही खसफसले तर बांधाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पाहता येणे. दादांनी टॉर्चच्या जाहिरातीत जे पाहिले होते, ते फक्त तिसऱ्या गरजेशी संबंधित होते. "चारशे मीटर झोत" ही एक ओळ त्यांच्या मनात ठसली होती. घर ते विहीर अंतरही तेवढेच असल्यामुळे ती त्यांना आपल्यासाठीच लिहिल्यासारखी वाटली असावी.

आधीची साधने आणि त्यांचा हिशेब

तोवर घरात ४०० ते ५०० रुपयांच्या चार्जिंगच्या टॉर्च येत असत. प्लग अंगातच असलेली, आत चार व्होल्टचा शिसे-आम्लाचा सेल बसवलेली ही टॉर्च आठवडी बाजारात सहज मिळते. चार वर्षांत अशा सहा टॉर्च झाल्या होत्या, म्हणजे खर्च सुमारे २,७०० रुपये. शिसे-आम्लाचा सेल अर्धवट उतरलेल्या स्थितीत पडून राहिला की त्याच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि तो पूर्वीइतका भार धरत नाही. दिवसपाळीच्या आठवड्यांत टॉर्च खुंटीला लटकत राहते आणि नेमके हेच होते.

या आकड्यांचा स्पष्ट अर्थ मी दादांना पहिल्याच दिवशी सांगितला. महाग टॉर्च बचतीसाठी घेऊ नये. वर्षाला साधारण पावणेसातशे रुपये खर्च होत असतील, तर अकरा हजारांची टॉर्च सोळा वर्षे चालली तरच ती पैशांच्या दृष्टीने बरोबरीत येईल, आणि सोळा वर्षे टॉर्चमधला लिथियम सेल सहसा टिकत नाही. घ्यायचीच असेल तर ती रात्रीच्या कामासाठी घ्यावी, हिशेबाच्या वहीसाठी नव्हे.

जुन्या टॉर्चचा खरा दोष मात्र वेगळाच होता आणि तो घरातल्या कोणाच्या लक्षात आला नव्हता. मी एका बंद खोलीत टॉर्च छताकडे रोखून ठेवली आणि टेबलावरच्या मोबाइलमधील प्रकाशमापक ॲपवर दर पाच मिनिटांनी आकडा लिहिला. अशा ॲपचा आकडा अचूक नसतो, परंतु एकाच जागी, एकाच मोबाइलवर केलेल्या तुलनेला तो पुरतो. पंचवीस मिनिटांत उजेड निम्म्यावर आला आणि तासाभरात पाव राहिला. या टॉर्चमध्ये एलईडीला मिळणारा प्रवाह सांभाळणारे सर्किट नसते; सेलचा व्होल्टेज उतरेल तसा उजेड उतरत जातो. माणसाचा डोळा हळूहळू होणारी घट ओळखत नाही, तो तिच्याशी जुळवून घेतो. म्हणून दादा रात्री दोन वाजता पाव उजेडात पाचटावरून चालत असत आणि आपल्याला पुरेसे दिसते आहे असे त्यांना वाटत असे. या प्रयोगाने मला जेवढे अस्वस्थ केले, तेवढे पुढच्या कोणत्याही आकड्याने केले नाही.

खोक्यावरचे आकडे

महाग टॉर्चच्या खोक्यावर जे आकडे असतात त्यांना निदान एक आधार असतो. अमेरिकेत २००९ मध्ये टॉर्चच्या मोजमापासाठी 'एफएल १' हे मानक ठरले आणि नावाजलेल्या बहुतेक कंपन्या आज त्यानुसार आकडे देतात. बाजारात पाचशे रुपयांच्या टॉर्चवर छापलेल्या 'एक लाख ल्युमेन'ला (ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचे माप) असा कोणताच आधार नसतो. मात्र मानकाप्रमाणे दिलेला आकडा खरा असूनही चुकीची अपेक्षा निर्माण करू शकतो, आणि दादांच्या बाबतीत तसेच होत होते.

झोताचे अंतर घ्या. मानकानुसार झोताचा उजेड ज्या अंतरावर ०.२५ लक्स (समोरच्या वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचे माप) उरतो ते अंतर खोक्यावर लिहितात. पाव लक्स म्हणजे मोकळ्या रानात निरभ्र पौर्णिमेला जेवढे चांदणे पडते, साधारण तेवढा उजेड. तेवढ्यात झाड कोठे आहे ते कळते; झाडाखाली काय बसले आहे ते कळत नाही. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो, त्यामुळे चारशे मीटर लिहिलेली टॉर्च शंभर मीटरवर चार लक्स देते, आणि वस्तू ओळखण्याइतके दिसायला माझ्या मते तेवढे लागते. थोडक्यात, खोक्यावरच्या अंतराला चाराने भागावे. याच नियमामुळे अंतर दुप्पट हवे असेल तर झोताची तीव्रता, जी कँडेलात मोजतात, चौपट लागते.

किती वेळ चालेल याचा आकडा तर अधिकच फसवा असतो. सुरू केल्यापासून तिसाव्या सेकंदाला जो उजेड असतो, त्याच्या एक दशांशापर्यंत खाली येईतो लागलेला वेळ मानकात 'चालण्याचा वेळ' म्हणून धरतात. खोक्यावर 'सर्वोच्च पातळी, २ तास ४० मिनिटे' असे लिहिलेले असते तेव्हा प्रत्यक्षात सर्वोच्च उजेड दोन-तीन मिनिटे मिळतो, मग टॉर्च तापू लागते म्हणून आतील सर्किट प्रवाह कमी करते, आणि उरलेले अडीच तास निम्म्याहूनही कमी उजेडावर जातात. तळहाताएवढ्या ॲल्युमिनियमच्या नळीत पंधरा-सोळा वॉट शक्ती खेळवली तर तिचा निम्म्याहून अधिक भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, आणि ती जायला जागा नसते. अकरा हजारांची टॉर्चही यातून सुटलेली नाही. उजेड आपोआप कमी झाला म्हणजे टॉर्च बिघडली असे समजून ती परत करणारे ग्राहक असतात. वास्तविक तसे न करणारी टॉर्च हातात धरणे धोक्याचे आहे.

सेलचे गणित सरळ आहे आणि ते कोणीही कागदावर करू शकतो. अशा टॉर्चमध्ये बहुधा असणारा २१७०० हा सेल २१ मिलिमीटर जाड व ७० मिलिमीटर लांब असतो. चांगल्या कंपनीचा असेल तर त्याची क्षमता ५,००० एमएएचच्या (मिलिॲम्पिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती भार साठतो त्याचे माप) आसपास असते, ३.६ व्होल्टने गुणल्यास १८ वॉट-तास होतात. एका वॉटमधून हातातल्या टॉर्चला शंभर ल्युमेनच्या आसपास उजेड मिळतो असे धरले, तर एका सेलमध्ये सुमारे १,८०० 'ल्युमेन-तास' साठवलेले असतात. दीडशे ल्युमेनवर बारा तास, सहाशेवर तीन तास. यापेक्षा फार मोठे दावे कोणी करत असेल, तर तो निसर्गनियमांच्या पलीकडचे विकतो आहे.

पाच रात्रींची तुलना

पुण्यातला माझा एक मित्र अनेक वर्षे रात्रीचे ट्रेक करतो. त्याच्याकडून मी दोन टॉर्च आणि एक हेडलॅम्प (डोक्याला बांधायचा दिवा) उसना घेतला आणि नोव्हेंबरच्या अखेरीस, रात्रपाळीच्या आठवड्यात, मळ्यावर पाच रात्री राहिलो. पहिली टॉर्च दादांनी मोबाइलवर पाहिली होती त्याच जातीची, चारशे मीटरचा अरुंद झोत टाकणारी होती. दुसरीचा झोत जेमतेम दोनशे मीटरचा, परंतु पसरट होता आणि तिचा उजेड किंचित पिवळसर होता. हेडलॅम्प साधा, दोन-सव्वादोन हजारांचा.

पहिल्या रात्री दादांनी लांब झोताची टॉर्च हातात घेतली आणि विहिरीवरून घराच्या ओट्यावरची तुळस उजळून दाखवली. ते मनापासून आनंदले आणि मलाही ते पाहून बरे वाटले. दुसऱ्या रात्री उसात शिरल्यावर चित्र पालटले. दहा फूट वाढलेल्या उसाच्या फडात तो झोत दोन सऱ्यांपलीकडे जात नव्हता. समोरच्या पात्यावर पडलेला प्रखर गोळा डोळ्यांवर उलटून येत होता आणि गोळ्याबाहेरचे सगळे अधिकच काळे दिसत होते. पायाकडे रोखली तर पावलाएवढे वर्तुळ लख्ख, आणि त्याच्या शेजारी एक हातावर काय आहे ते कळू नये, अशी स्थिती होती. तिसऱ्या रात्री पहाटे चारच्या सुमारास नदीकडून धुके आले, तेव्हा तर हवेत पांढरा खांब उभा राहिल्यासारखे झाले. धुक्यातील पाण्याचे कण प्रकाश सर्व दिशांना उधळतात आणि त्यातला बराचसा आपल्याच डोळ्यांकडे परततो. अशा वेळी टॉर्च डोळ्यांपासून जितकी दूर, म्हणजे कमरेजवळ किंवा त्याहून खाली धरावी आणि उजेड कमी ठेवावा, तितके अधिक दिसते. हेडलॅम्प याच कारणाने धुक्यात जवळजवळ निकामी ठरला.

पसरट, पिवळसर उजेडाच्या टॉर्चने मात्र दादांना चौथ्या रात्री गप्प केले. बांधावर पाचटाचा ढीग होता आणि त्यात वाळकी पाने, एक जुनी तपकिरी दोरी, मातीचे ढेकूळ असे सगळे मिसळलेले होते. निळसर पांढऱ्या उजेडात हे सारे एकाच करड्या रंगाचे दिसत होते. दुसरी टॉर्च लावताच दोरी वेगळी झाली, ओली पाने आणि सुकी पाने वेगळी दिसू लागली. दादांनी दोन्ही टॉर्च आलटून पालटून चार वेळा लावल्या. "घोणस अशाच रंगाची असते," एवढेच ते म्हणाले.

या फरकामागचे कारण सांगण्यासारखे आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरील पिवळ्या रंगद्रव्याचा लेप निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळ्यात बदलतो आणि दोहोंच्या मिश्रणाने पांढरा भास होतो. स्वस्त मिश्रणात लाल भाग फार कमी असतो. प्रकाशात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा सीआरआय नावाचा निर्देशांक आहे. सूर्यप्रकाशाला त्यात शंभर गुण असतात, नेहमीच्या थंड पांढऱ्या टॉर्चला सत्तरच्या आसपास आणि चांगल्या एलईडीला नव्वदच्या वर. हा निर्देशांक आठ फिकट रंगांच्या सरासरीवर काढतात, त्यात गडद लाल रंग धरलेला नसतो. त्याची मोजणी वेगळी होते आणि सत्तर गुणांच्या एलईडीत ती बहुधा शून्याखाली निघते. तपकिरी, मातकट, रक्ताच्या छटा ओळखायला नेमका हाच लाल भाग लागतो. अडचण अशी, की रंग सुधारणारा एलईडी तेवढ्याच विजेत वीस-तीस टक्के कमी ल्युमेन देतो. त्यामुळे खोक्यावरचा आकडा लहान होतो आणि फक्त आकडा पाहून घेणारा माणूस वाईट रंगाची टॉर्च घरी आणतो.

दारे धरताना दोन्ही हात खोऱ्यावर असतात. इतकी वर्षे दादा टॉर्च काखेत किंवा मान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरत आले होते. हेडलॅम्प लावून त्यांनी पहिले दार मोडले तेव्हाच आमच्या निर्णयाचा अर्धा भाग ठरला. अकरा हजारांच्या एका टॉर्चपेक्षा त्याच रकमेत दोन वेगळ्या वस्तू अधिक उपयोगी पडणार होत्या.

बिबट्याविषयी येथेच लिहितो. मोठ्या उजेडाने बिबट्या पळून जातो असा समज दादांच्याही मनात होता. तसे गृहीत धरू नये. वनविभाग सांगतो ते, म्हणजे एकट्याने न जाणे, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चालणे, हातात काठी ठेवणे आणि विनाकारण वाकून न बसणे, हे टॉर्चमुळे रद्द होत नाही. टॉर्चचा उपयोग एवढाच, की जनावराचे चमकणारे डोळे लवकर दिसतात. त्या डोळ्यांमागचा परावर्तक थर प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतो, म्हणून टॉर्च आपल्या डोळ्यांच्या पातळीला, कानशिलाजवळ धरून पाहिले तरच चमक स्पष्ट दिसते. कमरेजवळ धरलेल्या टॉर्चने ती बरीच निसटते. कुत्रा, मांजर, शेळी यांचेही डोळे तसेच चमकतात, हे शेजारच्या वस्तीवरच्या शेळ्यांनी आम्हाला पाचव्या रात्री दाखवून दिले.

खरेदी

शेवटी ७,४०० रुपयांची टॉर्च, २,३०० रुपयांचा हेडलॅम्प आणि ९०० रुपयांचा एक जादा सेल अशी १०,६०० रुपयांची खरेदी झाली. टॉर्च घेताना ज्या गोष्टी पाहिल्या त्या अशा : सीआरआय नव्वदच्या वर, झोत पसरट, सेल बाहेर काढता येणारा आणि प्रमाणित आकाराचा, सर्वांत कमी पातळी एक ल्युमेनपर्यंत खाली जाणारी, एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी टिकेल याची हमी, आणि मागच्या टोकाला अंगठ्याने दाबायचे बटण. खोक्यावर सर्वोच्च उजेड १,४०० ल्युमेन आणि अंतर २०० मीटर होते, म्हणजे दादांनी आधी निवडलेल्या टॉर्चच्या निम्मेच. नव्वद रुपयांची टॉर्च असो वा नऊ हजारांची, आतला एलईडी सहसा काहीशे रुपयांपेक्षा महाग नसतो. जास्तीचे पैसे प्रवाह सांभाळणारे सर्किट, नीट कापलेले आटे, रबरी कडी, टणक ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर चढवलेला संरक्षक थर), काच, खरा सेल, हमी, आयातकर आणि नाव यांत जातात. माझे मत असे, की पाचशे रुपयांवरून तीन हजारांवर जाताना फरक प्रचंड पडतो, तीन हजारांवरून सात हजारांवर जाताना तो जाणवण्याइतका असतो, आणि त्यापुढे पैसे मोजावेत ते एखाद्या अगदी ठरावीक कामासाठीच.

चौदा महिने

ज्या गुणाची जाहिरात कोणी करत नाही, तोच सर्वांत उपयोगी ठरला. दीडशे ल्युमेनच्या पातळीवर ही टॉर्च रात्री अकराला जेवढा उजेड देते, तेवढाच पहाटे चारला देते. माझ्या छताच्या प्रयोगात पहिले दहा तास आकडा जवळपास हलला नाही आणि मग तो पायरीने खाली आला. ही पायरी महत्त्वाची आहे, कारण ती डोळ्यांना कळते आणि माणूस वेळेत सेल बदलतो. एक ल्युमेनची पातळीही रोज वापरात आली. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांचा सराव प्रखर उजेडाने क्षणात मोडतो आणि तो परत यायला वीस ते तीस मिनिटे लागतात. घरात निजलेल्या माणसांतून वाट काढताना किंवा पेटीतला फ्यूज पाहताना एक ल्युमेन पुरतो आणि बाहेर पाऊल टाकल्यावर चांदण्यातली वाटही दिसते. दादांनी सर्वोच्च पातळी वर्षभरात किती वेळा वापरली असे विचारले तर ते हाताच्या बोटांवर मोजतात.

अडचणीही आल्या. मामांना ही टॉर्च कधीच जमली नाही. त्यांची बोटे जाड आणि राठ आहेत, वय सत्तरीच्या पुढे आहे, आणि एकदा दाबले तर सुरू, धरून ठेवले तर पातळी बदल, दोनदा दाबले तर एकदम सर्वोच्च, हा क्रम अंधारात आठवण्याची अपेक्षा त्यांच्याकडून करणे मला चुकीचे वाटते. एकदा त्यांच्या हातून सर्वोच्च पातळी लागली आणि समोर बसलेल्या नातवाच्या डोळ्यांवर झोत गेला; मूल बराच वेळ डोळे चोळत राहिले. महाग टॉर्चचे निर्माते बटणावर जितकी कामे लादतात, तितकी ती घरातल्या सर्वांची वस्तू राहत नाही, आणि हा दोष किरकोळ नाही. मामांनी आपली दोन सेलची, सरकत्या बटणाची जुनी टॉर्च ठेवली आहे आणि त्यांच्यासाठी तीच योग्य आहे.

दुसरी घटना मार्चमधली आहे. टॉर्च पिशवीत आपोआप दाबली गेली, तासभर तशीच राहिली, आणि पिशवीतल्या उपरण्याला तपकिरी डाग पडला. तेव्हापासून वापर संपला की मागचे झाकण पाव फेरा सैल करण्याची सवय दादांनी लावून घेतली. आट्यांवर ॲनोडायझिंगचा विद्युतरोधक थर असल्यामुळे एवढ्यानेच जोडणी तुटते. ही युक्ती खोक्यातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर लिहिलेली होती, परंतु तो कागद वाचायची वेळ घटना घडून गेल्यावरच आली.

जुलैत जादा सेल सापडेना म्हणून दादांनी बाजारातून १५० रुपयांचा एक १८६५० सेल आणला. टॉर्चमध्ये प्लास्टिकच्या नळीतून हा बारीक सेलही बसतो. त्यावर ९,९०० एमएएच छापले होते. या आकाराच्या उत्तमातल्या उत्तम सेलची क्षमताही साडेतीन-चार हजारांच्या आसपास थांबते, हे मी त्यांना आधी सांगायला हवे होते. दीडशे ल्युमेनवर तो अडीच तास चालला, म्हणजे क्षमता जेमतेम एक हजार निघाली. सात हजारांच्या टॉर्चमध्ये असा सेल घालणे पैशांचे नुकसान तर आहेच, पण अंतर्गत संरक्षण नसलेला लिथियम सेल प्रमाणाबाहेर उतरला किंवा तापला तर तो पेटूही शकतो.

खरा बिघाड ऑगस्टमध्ये झाला. टॉर्च पाटात पडली, पाण्याखाली सुरूच राहिली आणि दादांनी ती हाताने काढली. इथवर सर्व हमीप्रमाणे होते. परंतु चार्जिंगच्या छिद्रावरचे रबरी झाकण नीट बसलेले नव्हते. गढूळ पाणी आत गेले आणि चार दिवसांनी छिद्रातून चार्जिंग होईना. जलरोधकतेचा आकडा झाकण बंद असेल तेव्हाच खरा असतो आणि चिखलाच्या हातांनी ते बंद झाले की नाही हे कळत नाही. सेल बाहेर काढता येत असल्यामुळे तो वेगळ्या चार्जरवर भरून काम चालू राहिले. सेल आत कायमचा बंद केलेली टॉर्च असती तर त्या दिवशी ती लोखंडाच्या भावाची झाली असती. हमीत दुरुस्ती मिळाली, फुकट मिळाली, मात्र टॉर्च कुरियरने पाठवल्यापासून परत येईपर्यंत ४१ दिवस गेले, आणि ते दिवस ऐन पावसाळ्यातले होते. त्या काळात हेडलॅम्प आणि खुंटीवरची सातवी स्वस्त टॉर्च यांच्यावर पाणी दिले गेले.

आजची स्थिती अशी आहे. टॉर्चचे चार्जिंगचे छिद्र दुरुस्त झाले असले तरी दादा ते वापरत नाहीत. झाकणावर त्यांनी चिकटपट्टी लावली आहे. दोन्ही सेलांवर शाईने 'अ' आणि 'ब' लिहिले आहे आणि ते आठवड्याने आलटून पालटून वापरले जातात. दिवसपाळीच्या आठवड्यांत दोन्ही निम्मे भरलेले, झाकण सैल करून, उन्हापासून दूर कपाटात ठेवलेले असतात. महिन्यातून एकदा रबरी कडीला सिलिकॉनचे ग्रीस लागते. हेडलॅम्प आता बहुतेक वहिनींकडे असतो, कारण पहाटे पाचला गोठ्यात धार काढताना वीज गेलेली असली तर त्यांचेही दोन्ही हात अडकलेले असतात. दादांनी मागच्या महिन्यात त्यांच्यासाठी दुसरा, तशाच किमतीचा मागवला.